फिजिक्स भाग दोनमध्ये राणी मेली

लातूरला मुलं डॉक्टर व्हायला येतात आणि त्यांच्या आज्या स्वयंपाक करायला. ट्यूशन एरियातल्या आमच्या इमारतीत अशा पाच आज्या आहेत. सकाळी मुलं क्लासला गेली की प्रत्येक गॅलरीत एक टॉवेल आणि एक आजी वाळत असते.

मी मूळची नांदेडची. माझा मुलगा भोकरला शाळेत गणित शिकवतो. त्याची मुलगी बारावी झाली, पण डॉक्टरकीच्या परीक्षेत पहिल्या खेपेला तिला मार्क कमी पडले. म्हणून एक वर्ष थांबून ती परीक्षा पुन्हा देणार. अशा मुलांना इथं रिपीटर म्हणतात. नात रिपीटर, आणि मी तिच्या सोबतीला.

आम्हाला या दोन खोल्यांत बसवून देताना मुलानं अट घातली होती. "कादंबऱ्या बंद. टेस्टला मार्क घसरले तर हिला हॉस्टेलला टाकणार आणि तुला नांदेडला सोडणार." त्या हॉस्टेलमध्ये मोबाईल जमा करून घेतात आणि रविवारी तासभर भेटू देतात. नातीनं मान डोलावली. मीही डोलावली. मला तिच्याजवळ राहायचं होतं आणि तिला माझ्याजवळ. हे आम्ही एकमेकींना बोलून दाखवलं नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

कादंबऱ्या बंद हा नियम त्यानं माझ्याकडूनच उचललेला. निलंग्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. पुढं वय वाढत गेलं तसं ते कमी होत गेलं, पण त्या वर्षी सगळं कळत होतं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे, म्हणजे वेळ बघताना मूठ वळलेली दिसावी. कुणाच्या बाकाखाली राजा-राक्षसांचं पुस्तक सापडलं तर दोन बोटांनी उचलायचे, मेलेली पाल उचलावी तसं. एका स्नेहसंमेलनात 'कल्पित वाचन आणि विद्यार्थ्यांचा ऱ्हास' या विषयावर पाऊण तास बोलले होते. ऱ्हास झाला तो समोर उन्हात बसलेल्यांचा.

तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्या तीस वर्षांत इंग्रजीतलं एकही पुस्तक आरंभापासून शेवटापर्यंत वाचलं नाही. गाईडं वाचली. गाईडात सगळं असतं: सारांश, पात्रांचे स्वभाव, आणि स्वभाव पटला नाही तर पाठ करायची सोय.

नवरात्राच्या आधी घर झाडायला काढलं. नातीच्या टेबलावरच्या फळीत खाकी कव्हर घातलेली आठ पुस्तकं होती. फिजिक्स भाग एक ते तीन, केमिस्ट्री भाग एक आणि दोन, बायोलॉजी भाग एक ते तीन. लेबलांवर तिचं टपोरं अक्षर. पुसताना फिजिक्सचा पहिला भाग उघडला गेला. म्हणजे मी उघडला. पहिल्याच वाक्यात एक मुलगी घोड्यावरून खाली पडत होती. मला वाटलं, गुरुत्वाकर्षण. पुढं ती पडली, तिचं डोकं एका दगडाला लागलं, आणि दगड तिला म्हणाला, "सावकाश."

तेव्हा मला शंका आली.

माझ्यातली निलंग्याची बाई ताडकन उठून उभी राहिली. मुलाला लगेच कळवायचं म्हणून मी मोबाईल शोधायला लागले. पुस्तक हातातच होतं. मोबाईल पिठाच्या डब्यावर सापडला तेव्हा मी सव्विसाव्या पानावर होते आणि दगडाचं बोलणं अर्धवट राहिलं होतं. फोन दुपारी करू म्हटलं. तो अजून करायचा राहिलाय.

नात सकाळी सातला जायची आणि दोनला यायची. मी दहापर्यंत पोळ्या आटपायचे, मांडीवर डिक्शनरी आणि डिक्शनरीवर पुस्तक ठेवून बसायचे, आणि पावणेदोनला खाकी गठ्ठा होता तसा लावून ठेवायचे. सुरुवातीची पानं मी वाचली नाहीत. नाव, लेखक, अर्पणपत्रिका, नकाशा, हे मी कोणत्याच पुस्तकाचं जन्मात वाचलेलं नाही, कारण त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. मी थेट पहिल्या धड्याला हात घालते. क्रमही मी पेपरातलाच धरला: आधी फिजिक्स, मग केमिस्ट्री, मग बायोलॉजी. ही आठ भागांची एकच लांबलचक गोष्ट आहे हे मी गृहीत धरलं. न धरायला काही कारणच नव्हतं.

या प्रकारच्या पुस्तकांविषयी आता माझी काही मतं झाली आहेत. कुणी विचारलेली नाहीत, म्हणून इथंच सांगते.

नायकाला आई नसते. आधी मला त्याची कीव यायची. मग लक्षात आलं की आई असती तर ती पहिल्याच प्रकरणात म्हणाली असती, 'ती तलवार ठेव त्या कोपऱ्यात आणि आधी दोन घास खाऊन घे,' आणि पुस्तक तिथंच संपलं असतं. लेखकाला आई परवडत नाही. दुसरं म्हणजे सैन्य. तीनशे पानं सैन्य नुसतं चालत असतं, आणि पीठ कोण मळतंय याचा कुठं उल्लेख नाही. आमच्याकडं बारशाला चाळीस माणूस येणार म्हटलं तरी आचाऱ्याला आठ दिवस आधी गाठावं लागतं.

मग तो काळ्या किल्ल्यात एकटा बसणारा सम्राट. त्याला सगळं जग नष्ट करायचं असतं. का, ते तो सांगत नाही. नोकरीत असताना मी त्याच्या स्वभावाचे दोन मुख्याध्यापक बघितले. त्यांना जग वगैरे नष्ट करायचं नव्हतं, फक्त माझा रजेचा अर्ज नामंजूर करायचा असायचा. मला ते जास्त भीतिदायक वाटायचे. लेखकानं सम्राटाच्या हातात एखादा अर्ज द्यायला हवा होता.

जादूचं मात्र मी मानते. जादू फुकटात मिळाली की पुस्तक मिळमिळीत होतं. फिजिक्समधली ती मुलगी दगडांशी बोलू शकते, पण दर वेळी बोलल्यावर तिचा एकेक वास हरवतो. आधी भाकरीचा, मग घोड्याचा, आणि शेवटी आईच्या पदराचा. हे ज्यानं कुणी लिहिलं त्याला काहीतरी ठाऊक होतं. त्या पानावर मी डिक्शनरी मिटली आणि त्या दिवशी पुढं वाचलं नाही.

पण मला खरी गोडी लागली ती जोडण्याची. आमच्या भागात दोन अनोळखी बायका एसटीत शेजारी बसल्या की पहिला प्रश्न असतो, 'मूळ गाव कोणतं?' देवणी म्हटलं की 'देवणीत कुणाच्या घरातल्या?' आणि मग धागा ओढत ओढत, उदगीरला चढलेली बाई निलंगा येईपर्यंत आपल्या मावशीच्या नणंदेची जाऊ निघते. नाही निघाली तर प्रवास वाया गेल्यासारखं वाटतं. मी आयुष्यभर हेच करत आले. श्रावणातल्या सगळ्या कहाण्या एकाच नगरात घडतात, सोमवारचा गरीब ब्राह्मण शुक्रवारच्या कहाणीत पलीकडच्या गल्लीत राहत असणार, हे लहानपणी मला कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

त्यामुळं फिजिक्स संपून केमिस्ट्री सुरू झाली आणि एकदम वाळवंटातलं शहर आलं तेव्हा मी घाबरले नाही. मी फक्त विचारलं, इथं आपलं कोण आहे? फिजिक्सच्या शेवटी एक नावाडी होता. राणी मेल्यावर त्यानंच मुलीला नदीपार नेलं. त्याला डाव्या हाताची करंगळी नव्हती. केमिस्ट्रीत मिठाचा एक म्हातारा व्यापारी निघाला, जो डाव्या हातातला हातमोजा जेवतानाही काढत नाही. मी वहीत टिपून ठेवलं. पुढं बायोलॉजीत जंगल आलं, आणि जंगलातल्या नदीकाठी एक बिननावाची कबर, जिच्यावर येणारे-जाणारे चिमूटभर मीठ ठेवतात. मी वाचता वाचता उठून पाणी प्यायले. नावाडी तरुणपणी नदीवर होता, मध्यमवयात मिठाच्या धंद्यात पडला, आणि म्हातारपणी मरायला पुन्हा नदीकाठी आला. आठ पुस्तकांतून एक माणूस गुपचूप चालत गेला होता आणि लेखकानं ते एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मला त्या लेखकाचा फार आदर वाटला.

वहीची साठ पानं भरली. आणि एवढं सगळं माहीत असून कुणाशी बोलायची सोय नाही, हे मला सोसेना. एक दिवस नातीच्या ताटात वरण वाढता वाढता तोंडातून निघूनच गेलं.

"काय गं, फिजिक्स भाग दोनमध्ये राणी मेली, ती खरंच मेली का नाटक करून राहिली?"

तिचा घास हातातच थांबला.

"खरंच मेली," ती म्हणाली. "कधीपासून वाचून राहिलीस?"

"नवरात्राच्या आधीपासून."

"बाबांना?"

"फोन करायचा राहिलाय."

तिनं घास खाल्ला. मी लिंबाची फोड दिली.

"मला वाटलं होतं, केमिस्ट्रीत परत येईल ती," मी म्हटलं.

"आजी, केमिस्ट्रीत कशी येईल? ती वेगळी गोष्ट आहे."

"विषय वेगळा असेल. गोष्ट एकच आहे."

"अगं नाही. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन वेगळ्या लेखकांच्या. मी फक्त एकेका गोष्टीला एकेक विषय दिला. फिजिक्सवाला अमेरिकेत राहतो, केमिस्ट्री लिहिणारी बाई कुठल्या तरी बेटावर राहते, आणि एक मेलाय."

"कोण मेलाय?"

"बायोलॉजी."

मी थोडा विचार केला. "म्हणजे त्याला विचारता येणार नाही. उरलेल्या दोघांना ठाऊक नसेल. माणसाला आपले सगळे सोयरे कुठं ठाऊक असतात?"

ती हसायला लागली, तेव्हा मी वही आणून तिच्या ताटाशेजारी ठेवली. डाव्या हातानं पानं उलटत तिनं ती वाचली. वाचता वाचता हसणं थांबलं. मग ती वकिलासारखी उलटतपासणी घ्यायला लागली.

"फिजिक्समध्ये दोन चंद्र आहेत. केमिस्ट्रीत एकच आहे. मग?"

"एक मावळला असेल."

"मोजा घातला म्हणजे करंगळी नाही, असं कसं?"

"करंगळी असती तर जेवताना काढला नसता का?"

तिनं उष्ट्या हातानंच माझ्या वहीत एका ठिकाणी बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं तू चुकलीस. हा घोडा तो घोडा नाही. तो भाग एकमध्येच मेलाय." मी वरणाचा डाग पुसला आणि घोडा खोडला.

त्यानंतर आमचा नेम ठरला. तिनं खऱ्या फिजिक्सचा एक धडा संपवायचा, मग जेवणानंतर आमच्या फिजिक्सवर बोलायचं. धडे संपत होते. तरी पुढच्या टेस्टला मार्क घसरले. पुस्तकांमुळं घसरले की पेपर अवघड होता म्हणून, ते मला सांगता येत नाही. निलंग्याच्या बाईनं छातीठोकपणे सांगितलं असतं.

रविवारी मुलगा भोकरहून आला. पिशवीत हॉस्टेलचा फॉर्म होता. चहा घेतला आणि 'कुठं अडतंय ते बघू' म्हणून तिच्या टेबलाशी गेला. नात स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात चहाची गाळणी होती, आणि ती कशासाठी घेतली होती हे तिला आठवत नसावं. मुलानं बायोलॉजी भाग तीन काढलं, उघडलं, आणि उभ्या उभ्या दोन पानं वाचली.

"कुणाची आहेत ही?"

"माझी," मी म्हटलं.

त्यानं पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथं जांभळ्या शाईत नातीचं पूर्ण नाव होतं, भोवती वेलबुट्टी काढलेली. मी ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सुरुवातीची पानं न वाचण्याचा मला आयुष्यात झालेला हा पहिला तोटा.

"तुझी?"

"हाव."

"सगळी?"

"आठही."

त्यानं पुस्तक मिटलं. "आई, मी सातवीत असताना तू माझं पुस्तक बंबात घातलं होतंस. उडत्या बैलाचं. वाचनालयाचं होतं ते."

मला आठवत होतं. त्या दिवशी पाणी फार छान तापलं होतं, हेही आठवत होतं, पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

"घातलं होतं," मी म्हटलं. "तेव्हा मी फार हुशार होते."

"त्याचा शेवट मला अजून ठाऊक नाही," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही. गणितातलं एक उदाहरण सुटायचं राहिलं, असं सांगावं तसं म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला. "तुझी आहेत ना? मग सांग, काय आहे यात."

तीस वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या, दिली मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. मी घोड्यावरून पडणाऱ्या मुलीपासून सुरू केलं. दगड बोलला, वास हरवले, राणी मेली, नावाड्यानं नदीपार नेलं. तिथून वाळवंटात गेले, वाळवंटातून जंगलात. यातलं निम्मं मी स्वतः जोडलेलं आहे, हे नातीला पुरतं माहीत होतं. तिनं एकदाही टोकलं नाही. मी दोन चंद्रांपाशी अडखळले, तेव्हा मात्र दारातून हळूच म्हणाली, "एक मावळला होता, आजी."

मुलानं मान हलवली, जणू तसं होतच असतं.

मी थांबले तेव्हा त्याची दुपारची बस निघून गेली होती. तो उठला, आठही पुस्तकं पिशवीत भरली आणि त्यातला फॉर्म खिशात घातला. "ही माझ्याकडं राहतील. हॉस्टेलवाले महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत थांबायला तयार आहेत. त्याच्या आधी एक टेस्ट आहे. बघू." दाराशी चपला घालताना नातीला म्हणाला, "आजीला नीट सांभाळ. ती खोटं बोलायला लागलीय."

तो महिना जड गेला. फळी रिकामी दिसायची म्हणून मी तिथं लोणच्याची बरणी ठेवली. बायोलॉजीची शेवटची शंभर पानं माझी वाचायची राहिली होती आणि नात मला शेवट सांगेना. "टेस्ट झाल्यावर," म्हणायची, आणि म्हणताना मूठ वळायची. ती पहाटे उठून अभ्यास करायची. मी चहा ठेवायचे. एकदा कप घेताना तिनं विचारलं, "हॉस्टेलमध्ये आजी भेटायला येऊ शकते का, का फक्त आईबाप?" मी म्हटलं, चौकशी करते. मी केली नाही. उत्तर काय येईल याची भीती वाटली.

टेस्ट झाली. मार्क तेवढेच पडले. घसरले नाहीत आणि वाढलेही नाहीत. अटीत या प्रकाराविषयी काहीच म्हटलेलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी मुलाचा फोन आला. नातीनं फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. सोमवार परवावर आला होता.

"जेवलात का?"

"अजून नाही. तू?"

"बसायचंय." मग तो खाकरला. वर्गात पेपर वाटायच्या आधी तो असाच खाकरत असणार. "आई, बायोलॉजी भाग एकमध्ये ती एक म्हातारी आहे ना, अळणी जेवणारी?"

मला ती आठवत नव्हती. "असेल," मी म्हटलं.

"ती जंगलातली नाही. मिठाच्या शहरातून पळून आलेली असणार. नाहीतर बाई आपणहून मीठ कशाला सोडेल? आणि तू तिला तुझ्या गोष्टीत घेतलंच नाहीस."

मग नातीनं फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि गॅलरीत गेली. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

"बाबा, पण ती उत्तरेकडची आहे, असं नकाशात दिलंय... नाही, ते आजीनं लावलंय... हाव, मोज्याचंही तिनंच... तुम्ही कितव्या पानावर आहात?... मग थांबा, तिथं नका थांबू, पुढचं प्रकरण वाचा आधी... नाही सांगणार. तुम्ही वाचा."

मी मेथी निवडायला घेतली. जुडी संपली, मग उद्याच्या जुडीला हात घातला. हे बापलेक मार्कांशिवाय दुसऱ्या कशावर एवढा वेळ बोललेले मी कधी ऐकले नव्हते. ती आत आली तेव्हा फोन गरम झाला होता. हॉस्टेलविषयी काय म्हणाले, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. बहुतेक दोघांपैकी कुणीच विषय काढला नव्हता.

सोमवार आला आणि गेला. ती खोली उदगीरच्या एका मुलीला मिळाली, असं मुलानं त्या आठवड्यात फोनवर सांगितलं.

"फॉर्म द्यायचा राहूनच गेला," तो म्हणाला.

तो तीस मुलांच्या हजेरीत एक टिंब चुकत नाही.

"बरं," मी म्हटलं. नातही आतून "बरं" म्हणाली. मग ती केमिस्ट्रीचा खरा धडा काढून बसली आणि मी कुकर लावला.